डाव्या हाताचा उशीर

फुकटच्या वस्तूला नावं ठेवणं फार सोपं असतं. मी वर्षभर ठेवली. मुलीने पुण्याला नोकरीला जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवला आणि त्यात लूप करायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यानंतर आमच्या घरात जे काही बेताल ऐकू आलं, त्याचा दोष मी बिनदिक्कत त्या सॉफ्टवेअरला देत गेले. विकत घेतलेलं असतं तर कदाचित त्याचं म्हणणं मी जरा आधी ऐकलं असतं.

लूप म्हणजे काय हे मुलीने मला उभ्या उभ्या समजावलं होतं. आपण थोडं वाजवायचं, यंत्र ते धरून ठेवतं आणि थांबवेपर्यंत तेच गोल गोल वाजवत राहतं. त्यावर हवं ते चढवा, पेटी, टाळ, स्वतःचाच दुसरा आवाज. मला एवढंच हवं होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, गाणं ही माझी हौस, आणि घरात पखवाजी असून मला रियाजाला ठेका मिळत नव्हता. आमचे हे भाईंदर पूर्वेलाच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, बफिंगच्या मशिनीवर. दिवसभर टोप आणि डबे घासून चकचकीत करून माणूस घरी येणार आणि मी म्हणणार, बसा आता पखवाज घेऊन. तरी मी म्हणायचे, आणि मग भांडण ठरलेलं असायचं.

तसं पाहिलं तर बफिंग पोटासाठी, ह्यांचं खरं काम पखवाज. गोडदेवला, आमच्याच वस्तीत, रत्नागिरीकडच्या लोकांचं भजन मंडळ आहे. मधे बुवा पेटी घेऊन, मागे झांजा आणि कोरस, आणि बुवांच्या शेजारी हे. मंडळ निघालं तेव्हापासून त्या जागेवर दुसरं कोणी बसलेलं नाही. वस्तीत ह्यांना नावाने कोणी हाक मारत नाही, दूधवालासुद्धा ‘पखवाजी’ म्हणतो. हे वरवर दाखवत नाहीत, पण त्या हाकेवर ह्यांची मान जरा ताठ होते ती मी लग्नापासून बघत आलेय.

एका रविवारी मी लॅपटॉप उघडून बसले आणि ह्यांना म्हटलं, एकदाच वाजवा, मग वर्षभर तुम्हाला त्रास देणार नाही. ह्यांनी माझ्या पोळ्यांच्या कणकेतला गोळा न विचारता उचलला, पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापला, आणि भजनी ठेका वाजवून दिला. डाव्या हाताचा तो घुमारा माईकमधून गेला आणि पडद्यावर त्याचं चित्र उमटलं, एकामागे एक उंच टोकं. मी खूश झाले. हे चित्राकडे बघून म्हणाले, “पखवाज काय बघायची वस्तू आहे का गो?”

त्यानंतर आठवड्याला एक नवा ठेका मी ह्यांच्याकडून काढून घ्यायचे आणि आठवडाभर त्यावर गायचे. खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभीने एकदा मला जिन्यात अडवलं. “भाईसाब तो अभी गेट पे मिले मेरे को. फिर ऊपर बजा कौन रहा है?”

मी हसून म्हटलं, मशीन बजा रही है. ती हसली नाही.

“अच्छा नहीं लगता भाभी,” म्हणाली. “आदमी बाहर और हाथ घर में.”

मला तिचा राग आला. चांगल्या घरात हौसेने काही करावं तर लोक लगेच अभद्र बोलून ठेवतात. पण नंतर गाताना ते वाक्य मधेमधे कानात यायचं आणि मी गाणं थांबवून पखवाज तसाच वाजू द्यायचे, रिकाम्या खोलीत.

काही महिन्यांनी ठेक्यात काहीतरी बिघडलं. पखवाजावर ‘धा’ म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी पडणं. दोन थापांचा मिळून एक बोल. तर हा ‘धा’ मला फाटल्यासारखा ऐकू यायला लागला. आधी उजवा, आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी जरासा मागे, डावा. एकदा ऐकला असता तर कळलंही नसतं. लूप मात्र तोच ‘धा’ पुन्हा पुन्हा कानावर आदळत होतं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, “आई, फुकटचं आहे ते, त्यात लेटन्सी असते. वाजवलेलं आत जायला उशीर होतो. सरकवून घे ना जरा.” मी सरकवून घेतलं. डावा जागेवर आणला की उजवा आधी पडायचा. उजवा जागेवर आणला की डावा पुन्हा मागे. मी त्या सॉफ्टवेअरला इतक्या शिव्या घातल्या की हे स्वयंपाकघरातून म्हणाले, “माणसांना पण इतक्या देत नाहीस.”

मग एक दिवस ह्यांनीच एक डबा घरी आणला. मिरारोडचा एक गिटारवाला आपलं जुनं लूप पेडल विकत होता. ओळखीतून कळलं तसे हे जाऊन घेऊन आले. लोखंडी, जड, वर पायाने दाबायचं बटण आणि एक दिवा. एकदा दाबलं की घेतो, पुन्हा दाबलं की वाजवतो, वाजत असताना आणखी एकदा दाबलं की दिवा लाल होतो आणि आहे त्यावर नवा थर चढत जातो. थांबवायचं तर पटापट दोनदा दाबायचं. बस, एवढंच. पडदा नाही, चित्र नाही. ह्यांना तेच आवडलं होतं. “हे कसं, वाजवा आणि ऐका,” म्हणाले. मी म्हटलं, लॅपटॉपवर कितीही थर चढवता येतात, जुने जपून ठेवता येतात, एखादा चुकला तर तेवढाच काढता येतो. तुमच्या डब्यात एकदा चुकलं की चुकलंच. हे म्हणाले, “भजनात पण तसंच असतं.” मी म्हटलं, बरं, निदान ह्याच्यात उशीर तरी होत नसेल.

गिटारवाल्याने ह्यांना तेच सांगून विकला होता. उशीर अजिबात नाही.

त्या दुपारी आम्ही डबा लावला. ह्यांनी ठेका वाजवला, पायाने बटण दाबलं, हात मांडीवर ठेवले, आणि डबा वाजायला लागला. ‘धा’ फाटलेलाच होता.

मी डब्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे खिडकीबाहेर बघत होते. ह्यांचा डावा हात मांडीवर होता आणि अंगठा तर्जनीवर घासत होता, नाणं मोजताना घासतो तसा, आपोआप. ह्यांनी उजव्या हाताने तो झाकला. खोलीत पखवाज चालूच होता, आणि प्रत्येक आवर्तनात डावा हात उशिरा येत होता.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी लॅपटॉप उघडून वर्षभराचे सगळे ठेके एकाखाली एक लावले. पहिल्या रविवारचा ‘धा’ म्हणजे एकच उंच टोक. त्यापुढे ते टोक जाड होत गेलं होतं. मग त्याला खाच पडली. मग दोन टोकं झाली, आणि प्रत्येक नव्या ठेक्यात ती एकमेकांपासून आणखी लांब. मी आजवर कुठल्याही डॉक्टरच्या कागदाला घाबरले नसेन इतकी त्या चित्राला घाबरले. बिचारं सॉफ्टवेअर मला दर आठवड्याला खरं तेच दाखवत होतं.

संध्याकाळी मी ह्यांना समोर बोलावून दाखवलं. हे उभेच राहिले. “बंद कर ते.”

“कधीपासून आहे?”

“मशिनीमुळे मुंग्या येतात हाताला. सगळ्यांनाच येतात.”

“सगळ्यांना येतात तर सगळे डॉक्टरकडे जाऊ दे. तुम्ही उद्या चला.”

माझा आवाज चढला, ह्यांचा त्याहून चढला. शेवटी हे खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले की महिन्याभराने मंडळाच्या सत्यनारायणाचं भजन आहे, तेवढं होऊ दे. डॉक्टरने काही नाव दिलं की ते गोडदेवभर होणार. मग बुवा चांगल्या मनानेच म्हणतील, पखवाजी, यंदा आराम करा. “आणि एकदा पखवाज दुसऱ्याच्या पुढ्यात गेला की तो परत येत नाही गो.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी लग्नानंतर ते पहिल्यांदा बघत होते, आणि मी विरघळले. पूजेनंतर नक्की, असं शपथेवर कबूल करून घेतलं.

त्यानंतर हे एकदम शांत झाले. चिडेनात, जेवणाला नावं ठेवेनात. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला घरात कोणीतरी दार लोटून ठेवल्यासारखं वाटत होतं. एक दिवस म्हणाले, “तुझ्या त्या लॅपटॉपमधला पहिला ठेका आहे ना, तो ह्या डब्यात घालता येतो का?” येत होता, वायरीने. कशाला विचारलं तर म्हणाले, रियाजाला. मी घालून दिला.

दोन-चार दिवसांनी, ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी, मी शाळेतून लवकर आले. जिन्यातच पखवाज ऐकू आला आणि मी थांबले. तो ‘धा’ सरळ होता, अखंड, छातीत उतरणारा. क्षणभर मला वाटलं, हे बरे झाले. खरंच मशिनीच्या मुंग्या होत्या, बरे झाले. मी धावत वर गेले आणि दार ढकललं.

हे पखवाज पुढ्यात घेऊन बसले होते. डोळे मिटलेले, मान लयीत हलत होती. दोन्ही हात चामड्याच्या जरा वर, न टेकता, नुसते हलत होते. आवाज डब्यातून येत होता.

ह्यांनी डोळे उघडले आणि मला बघून हात तसेच हवेत ठेवले.

“पूजेला हे करणार?” मी विचारलं.

“शाल टाकीन वरून. डावा गुडघा दुखतो सांगून पाय लांब करीन, डबा शालीखाली. माईक डब्याला, डबा स्पीकरला. माझा माईक नेहमी मीच लावतो, कोण बघतंय.”

“आणि लय चढली की?”

ज्यांनी आमच्याकडचं भजन ऐकलंय त्यांना हा प्रश्न वेगळा समजवायला नको. अभंग संथ असतो, पण शेवटचा गजर म्हणजे चढण. बुवा लय वाढवतात, झांजा वाढवतात, आणि पखवाजी बुवांच्या चेहऱ्याकडे बघत त्यांच्या अर्धं पाऊल पुढे राहतो. डबा कोणाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. ज्या लयीत भरला त्याच लयीत तो मरेपर्यंत वाजणार.

“बुवांशी बोललोय,” हे म्हणाले. “त्यांचा घसा बसलाय. म्हणाले, यंदा गजर संथच घेऊ.”

संथ गजर घेईन असं सांगणारा बुवा आणि त्यावर विश्वास ठेवणारा पखवाजी. बाहेरच्या माणसाने हा विश्वास ठेवला असता तर समजलं असतं. ह्यांनी आयुष्य त्या चढणीवर काढलं होतं, कोरसने एकदा उचललं की बुवांचा स्वतःवर ताबा राहत नाही हे ह्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. पण गरज माणसाला इतकं आंधळं करते. मी विनवण्या केल्या, अबोला धरला, बुवांना सांगेन अशी धमकीही दिली. हे फक्त म्हणाले, “सांग. मी घराबाहेर पडायचा बंद होईन, एवढंच होईल.” मी सांगितलं नाही.

पूजेच्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला होता. केळीचे खांब, प्रसादाच्या शिऱ्याचा वास, बायका पुढे बसलेल्या. मी मुद्दाम अशी जागा धरली की मला शालीचं टोक दिसेल.

पहिला अभंग सुरू झाला आणि शालीखालून डबा वाजायला लागला. मला वाटलं होतं मी शरमेने मरेन. तसं झालं नाही. तो ठेका इतका सुंदर होता की मला रडू यायला लागलं. त्या रविवारचे हे, धडधाकट, माझ्या कणकेवर हात मारणारे हे, स्पीकरमधून वाजत होते आणि समोर त्यांच्यासारखा दिसणारा एक माणूस हात हलवत होता. शेजारची बाई माझ्या कानात म्हणाली, “काय हात आहे गं!” मी मान हलवली. दुसरा अभंगही निभावला. बुवा खूश होऊन ह्यांच्याकडे बघून हसले, आणि मला बुवांच्या त्या खुशीचीच भीती वाटली.

गजर संथच सुरू झाला. बुवांनी शब्द पाळला, थोडा वेळ. मग कोरसने मागून आवाज चढवला, झांजा तापल्या, आणि बुवांचा बसलेला घसा मोकळा झाला. पेटीवरची बोटं पळायला लागली. झांजा त्यांच्या मागे. पखवाज होता तिथेच. बुवांनी एकदा वळून पाहिलं. पुन्हा पाहिलं, भुवई उचलून. लोकांना वाटलं पखवाजी मुद्दाम लय धरून ठेवतोय, कोणीतरी मागून ओरडलं, “चला पखवाजी, उचला!”

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी ह्यांना ओळखते, ह्यांनी काय ठरवलं ते मला त्याच क्षणी कळलं. डबा बंद करायचा आणि खरोखर वाजवायचं. दोनदा दाबायचं, पटापट. मी शालीकडे बघत होते. शाल एकदा हलली.

शालीच्या कडेने लाल उजेड दिसला.

हे वाजवायला लागले. जीव तोडून, खऱ्या हातांनी, वाढलेल्या लयीत, फाटलेल्या ‘धा’ने. पण डबा थांबलाच नव्हता. संथ पखवाज खाली चालू होता, त्याच्यावर हा धडपडणारा पखवाज चढत होता, आणि फेरी पुरी झाली की तो धडपडणारा पखवाजही पुन्हा वाजत होता. झांजा एकेक करून थांबल्या. बुवांनी हात वर केला. “थांबा, थांबा.” कोरस थांबला. ह्यांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

पखवाज वाजत राहिला. ह्यांचे हात सगळ्यांना दिसत होते, मांडीवर, डावा थरथरत होता, आणि स्पीकरमधून दोन पखवाज एकमेकांना अडखळत वाजत होते. मग फेरी पुन्हा आली आणि बुवांचा आवाज आला, “थांबा, थांबा.” बुवांचं तोंड बंद होतं. शेजारची बाई हातातला प्रसाद तसाच धरून राहिली. पुढच्या फेरीत त्याच्यावर आणखी एक आवाज चढला, “काय आहे हे?”, आणि पुढच्या फेरीत तोही परत आला. हे शालीखाली पाय हलवत होते, दाबत होते, आणि काहीच थांबत नव्हतं. मी उठले, लोकांना ओलांडून गेले आणि वायर उपटली.

बुवा पेटी बाजूला सारून ह्यांच्याजवळ सरकले, ह्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला, जसं काही धरून ठेवल्याने तो शांत होणार होता. मग सोडला. आरती नुसत्या टाळांवर झाली.

आम्ही चालत घरी निघालो. गोडदेवच्या गल्लीत नेहमीसारखी गर्दी होती, भाजीच्या गाड्या, रिक्षा, कोणीतरी “काय पखवाजी” म्हणून हात वर केला. ह्यांनी मान ताठ केली नाही. पखवाज माझ्याकडे होता, डबा ह्यांच्याकडे. मला मंडळाचं काय होईल, लोक काय बोलतील याचं काही वाटत नव्हतं. ते सगळं झालेलंच होतं. घराच्या जिन्याशी आल्यावर हे थांबले.

“मी दोनदा दाबलं होतं गो,” म्हणाले. “पटापट, दोनदा. तू बघत होतीस ना?”

मी बघत होते. शाल एकदाच हलली होती. ह्यांच्या चेहऱ्यावर खोटं अजिबात नव्हतं. डावा पाय दोनदा खाली गेला असं ह्यांना मनापासून वाटत होतं.

“उद्या सकाळीच डॉक्टरकडे जायचं,” मी म्हटलं. वाद होणार, म्हणून मी पुढची वाक्यं तयार ठेवली होती.

“बरं,” हे म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून जिन्याची पहिली पायरी चढले.